समुद्राची भजी

मीठ चाखून घेणारं गिऱ्हाईक प्रेमिलानं त्या दिवसापर्यंत पाहिलं नव्हतं.

लोक गूळ चाखायचे, चण्याची डाळ दाताखाली फोडून पाहायचे, तेलाचा वास घ्यायचे. पण हा माणूस मिठाच्या पोत्यापुढे उकिडवा बसला होता आणि एकेक खडा जिभेवर ठेवून डोळे मिटून घेत होता. उंच, उन्हानं रापलेला, प्रवासानं चुरगळलेला पांढरा शर्ट, पाठीमागे पत्र्याची पेटी. आणि डाव्या कुशीत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी, जे तो क्षणभरही खाली ठेवत नव्हता.

एकोणीसशे अठ्ठावन्नची दिवाळी नुकतीच सरली होती. गोंदियाच्या बाजारात दुपारची सुस्ती पसरली होती. वडील, मुन्नालाल, जेवायला आत गेले की दुकान प्रेमिलाकडे असायचं. मॅट्रिक झाल्यापासून ती ते वडिलांपेक्षा चोख सांभाळते, असं गल्लीतले लोक म्हणत, आणि मुन्नालाल ते ऐकून न ऐकल्यासारखं करत.

"मीठ खारटच हाय जी," ती गल्ल्यावरून म्हणाली. "आमी अजून गोड ठेवाले लागलो नाई."

त्यानं एक डोळा उघडला. "खारट तर सारंच रायते. मले समुद्राचं पाह्यजे. हे पहिलं पोतं खाणीचं वाटून राह्यलं."

"वरणाले काय फरक पडते?"

"वरणाले नाई पडत. हिले पडते." त्यानं कुशीतल्या टॉवेलाकडे मान वळवली.

हिले? प्रेमिलाची मान आपोआप लांब झाली. टॉवेलात तान्हं मूल आहे आणि हा बाबा त्याला मीठ चारायला निघालाय, असा एक वेडा विचार तिच्या मनात येऊन गेला. तेवढ्यात त्यानं टॉवेल सोडला. आत काचेची मोठी बरणी होती. तिच्या झाकणावरचं मेण तडकलं होतं आणि पाणी पार खाली उतरलं होतं. त्या उरलेल्या पाण्यात हिरवेगार मणी होते... मिरीच्या दाण्याएवढे, देठाला घोसांनी लागलेले, जणू बाहुलीच्या लग्नात वाढायला कुणी द्राक्षं केली असावीत.

"अगं बाई," ती गल्ल्यावरून उतरलीच. "हे काय म्हनाचं?"

"समुद्रातलं शेवाळ. नागपूर सोडलं नि गाडीनं असा झटका देल्ला की झाकण सुटलं. अर्धा समुद्र डब्यात सांडला. एका मारवाड्याच्या बिछान्यावर."

"मंग?"

"मंग काय. भंडारा रोड येईपर्यंत उभ्यानं आलो."

ती हसली. हसताना तोंडावर पदर धरायचा असतो हे तिला जरा उशिरा आठवलं.

दुसऱ्या पोत्यातला खडा चाखून त्यानं मान डोलावली. हे समुद्राचं होतं. तिनं आतून उकळून गार केलेलं पाणी आणलं. तो मीठ विरघळवायचा, बोट बुडवून चाखायचा, पुन्हा चिमूटभर टाकायचा. पुऱ्या एकाग्रतेनं, जसं कुणी रोग्याला औषध बनवतं. मग धार लावून त्यानं बरणी भरली. घोस हळूच वर तरंगले आणि पसरले.

एक बारकी डहाळी तुटून काठाला लागली होती. त्यानं ती काढून तिच्यापुढे धरली. "खाऊन पाहा."

"मासोळीचं तर नाई ना? आमच्या घरी चालत नाई."

"झाड हाय. फक्त पाण्यातलं. आमच्या तिकडच्या कोळ्यांची लेकरं लिंबू पिळून अशीच खातात."

तिनं एक मणी दातांखाली घेतला. टच्च – तो फुटला, आणि गार, खारट, किंचित तिखट असं काहीतरी जिभेवर पसरलं. तळ्याचा वास नव्हता तो, नदीचाही नव्हता. प्रेमिलानं आयुष्यात वैनगंगेच्या पलीकडे फारसं पाणी पाहिलं नव्हतं. ती तशीच उभी राहिली, गालात मणी धरून.

"कसं वाटून राह्यलं?" त्यानं विचारलं.

"थांबा ना," ती म्हणाली. "अजून चालू हाय."

आता हसायची पाळी त्याची होती.

त्याचं नाव खुशाल. चिचगडच्या उदारामचा धाकटा मुलगा. रामेश्वराच्या अलीकडे, समुद्रकाठी सरकारचं एक संशोधन केंद्र होतं, तिथं तो सहायक होता. काचेच्या मोठमोठ्या टाक्यांमध्ये मासे आणि शेवाळं सांभाळायची, हे त्याचं काम. धानाच्या कापणीसाठी रजा घेऊन तो आला होता. गोंदियाच्या शाळेत त्याला विज्ञान शिकवणारे केवलराम गुरुजी यंदा प्रदर्शन भरवणार होते, आणि त्यांनी काचेची पेटी बनवून घेतली होती. 'माझ्या पोरांना जिवंत समुद्र दाखव' असं ते गेल्या उन्हाळ्यात म्हणाले होते, आणि त्यानं कबूल केलं होतं. पण शाळेला अजून सुटी होती आणि गुरुजी गावाला गेले होते. चिचगडची वाट म्हणजे आधी मोटार, मग बैलगाडी. बरणी पुन्हा सांडणार हे दिसतच होतं.

"ठेवा इथंच," प्रेमिला म्हणून गेली. मग जरा सावरून, "म्हंजे... दुकान हाय. गिऱ्हाइकाची वस्तू राहून जाते कव्हा कव्हा."

"सांभाळाल?"

"काय खाऊ घालाचं हिले?"

"काई नाई. उजेड खाते ते. खिडकीत ठेवजो, पण कडक उन्हात नाई. साधं पाणी जास्त टाकू नका, पांढरी पडून विरघळून जाते." तो उठला, पेटी उचलली, आणि पायरीवर थांबला. "आनि मधूनमधून बोलत राहजो तिच्याशी."

"कायले? तिले कान हाय का?"

"नाई. पण मले बरं वाटंल."

तो गेला. मुन्नालाल ढेकर देत बाहेर आले तेव्हा प्रेमिला गल्ल्यावर होती, आणि मिठाची दोन्ही पोती उघडीच राहिली होती.

*

बरणी मागच्या खोलीच्या खिडकीत गेली. बाबांना तिनं 'एका गिऱ्हाइकाची ठेव' एवढंच सांगितलं, आणि ते त्यांना पुरलं. घरातलं खरं डोळस माणूस म्हणजे धुरपता आत्या. प्रेमिलाची आई गेल्यापासून हिलाच आई म्हणायचं. पण आत्या फुलचूरच्या शेतावर कापणी पाहायला गेली होती. त्यामुळे सकाळी सकाळी काचेतून येणारा तो हिरवा उजेड प्रेमिलाच्या एकटीचा होता. ती वेणी घालताना त्याच्याकडे पाहायची. बोलायचीसुद्धा... थोडंसं. कुणी ऐकत नाही ना, हे पाहून.

बाजाराच्या दिवशी खुशाल हजर. हातात दोन विळे.

"धार लावून पाह्यजे होती," तो म्हणाला.

"आमचं किराणा दुकान हाय."

"मालूम हाय. धारवाला पुढं बसते. जाता जाता म्हटलं, पाहून घ्यावं."

"चिचगडात धार लावत नाई का कोनी?"

"लावतात," तो शांतपणे म्हणाला. "पण तिथं मीठ बरोबर नाई भेटत."

मुन्नालाल पुढे गिऱ्हाइकांच्या गर्दीत होते. तिनं बरणी खिडकीतून आणून त्याच्यापुढे ठेवली आणि परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्यानं बरणी फिरवली, उजेडात धरली. एका देठाला नवा कोंभ फुटला होता, फिकट, पोपटी. त्यानं तो तिला दाखवला. दाखवताना दोघांची डोकी काचेजवळ आली. तिच्या केसांना एरंडीच्या तेलाचा वास होता, आणि त्याच्या सदऱ्याला धानाच्या नव्या तणसाचा. दोघंही मग एकदमच मागे झाले.

"तिकडं लई मोठ्या टाक्या हाय का?" तिनं उगाचच विचारलं.

"या खोलीएवढी एक हाय. हेच शेवाळ टाकतो त्याच्यात. पाणी निर्मळ राहते. बारक्या मासोळ्या याच्या आडोशाले लपतात, नि लोक काचेले नाक लावून शोधत बसतात."

"आनि समुद्र? तो किती मोठा हाय?"

खुशालनं विचार केला. "नवेगावचा बांध पाह्यला का तुमी?"

"हाव. आत्यासंगं."

"त्याचा पलीकडचा काठ काढून टाका."

प्रेमिलानं डोळे मिटले. नवेगावचं पाणी तिला दिसलं, डोंगर दिसले, पलीकडची झाडं दिसली. मग तिनं ती झाडं पुसली. डोंगर पुसला. तिनं डोळे उघडले तेव्हा तो तिच्याकडेच पाहत होता, आणि या वेळी त्याला नजर फिरवायचं सुचलं नाही.

"विळे...," ती म्हणाली. "धारवाला उठून जाईन."

"जाऊ दे," तो म्हणाला. पण उठला.

*

त्याच संध्याकाळी मुन्नालालनी सांगितलं. तिरोड्याचे भैय्यालाल, धानाची गिरणी असलेले, उद्या मुलीला पाहायला येणार. मुलगा गोवर्धन, एकुलता एक. घर मोठं, आणि सोवळं इतकं की स्वयंपाकात कांदासुद्धा शिजत नाही. "आनि तिरोडा म्हंजे हे इथं," मुन्नालाल म्हणाले. "सकाळी गाडीत बसलं की दुपारी तुझ्या हातचं पाणी पिऊन परत येता येते मले."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की प्रेमिलाला नाही म्हणता आलं नाही. होही ती म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी धुरपता आत्या फुलचूरहून घाईघाईनं आली ती थेट चुलीपुढे. शेजारच्या बायकांनी प्रेमिलाला आपल्या घरी नेऊन नटवायला घेतलं. पाहुणे सांगितल्यापेक्षा लवकर आले. शिरा तयार होता, चिवडा होता, पण गरम काय द्यायचं? बटाटे संपलेले, मेथी सुकलेली. आत्याची नजर घरभर फिरली आणि खिडकीवर थांबली.

काचेच्या बरणीत मिठाच्या पाण्यात हिरवीगार भाजी. पोरगी शहाणी, घोळची भाजी खारवून ठेवलेली दिसते.

आत्यानं घोस धुतले, बेसनात घोळवले आणि कढईत सोडले.

प्रेमिला डोक्यावर पदर घेऊन मागच्या दारानं आली तेव्हा ताट तयार होतं. आत्यानं ते तिच्या हातात दिलं आणि पाठीवर थाप मारली. ती बैठकीत गेली. वाकली. ताट पाहुण्यांपुढे ठेवलं... आणि तेव्हा तिला बेसनाच्या सोनेरी कवचातून डोकावणारे हिरवे मणी दिसले.

तिचे हात ताटालाच चिकटून राहिले.

"सोड ना, बाई," भैय्यालाल मायेनं म्हणाले, आणि पहिलं भजं उचललं.

मग त्यांनी दुसरं उचललं. मग मुलानं उचललं, मुलाच्या आईनं, निर्मलाबाईंनी उचललं, आणि बैठकीत कुरुमकुरुम खाण्यापलीकडे काही आवाज राहिला नाही. भैय्यालालनी ताट आपल्याकडे ओढून घेतलं. गोवर्धन आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता. तो म्हणाला, "अजून हाय का?"

"काय चव हाय," निर्मलाबाई म्हणाल्या. "कसली भाजी म्हनाची ही, पोरी?"

दाराआडून आत्या अभिमानानं म्हणाली, "तिनंच खारवून ठेवली होती, बाई. लई हौस तिले."

मुन्नालाल हसून मुलीकडे पाहत होते. सगळं जमत आलं होतं. 'घोळ' म्हटलं की झालं. दोन अक्षरं. प्रेमिलानं तोंड उघडलं, आणि तिला एकदम दिसलं की ही दोन अक्षरं आपण म्हटली तर उद्या तिरोड्याला जावं लागेल, आणि जन्मभर गिरणीच्या भोंग्यावर उठून कांद्याशिवाय स्वयंपाक करावा लागेल. तेही चाललं असतं. पण नवेगावचा पलीकडचा काठ परत लावून टाकायचा, हे तिच्यानं होणार नव्हतं.

"घोळ नाई ते," ती म्हणाली. "समुद्रातलं शेवाळ हाय."

गोवर्धनचा हात वाटेतच थांबला.

"समुद्रातलं? मासे रायतात त्याच्यातलं?" निर्मलाबाईंचा आवाज चिरकला.

"मासे याच्या आडोशाले रायतात. पण हे झाडच हाय, मावशी. चोखं झाड."

झाडाचं कुणी ऐकून घेतलं नाही. निर्मलाबाईंनी चूळ भरली, गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून पुन्हा भरली. भैय्यालाल निघताना मुन्नालालना एवढंच म्हणाले, "घर चांगलं होतं जी तुमचं." आणि जाता जाता एकदा, फक्त एकदा, ताटाकडे वळून पाहिलं. ताटात चुरासुद्धा उरला नव्हता.

*

"घोळ म्हनता आलं नाई?" मुन्नालालनी विचारलं.

"आलं असतं, बाबा."

"मंग?"

"म्हनाचं नव्हतं."

मुन्नालाल दुकानात जाऊन बसले, आणि दिवसभर गिऱ्हाइकांशीही तुटक बोलले.

खुशाल आला तो शाळा उघडायच्या दिवशी, सकाळीच. दाढी केलेली, धुतलेला सदरा. प्रेमिलानं रिकामी बरणी त्याच्यापुढे ठेवली आणि सारं सांगितलं. तिला वाटलं होतं की सांगताना हसू येईल. आलं नाही. त्याचा चेहरा उतरला होता. समुद्रापासून गोंदियापर्यंत मांडीवर धरून आणलेली ती बरणी, गुरुजींना दिलेला शब्द... तो पायरीवर बसला.

"सारीच?" त्यानं विचारलं.

"सारीच. भैय्यालालजीनं तर ताट पुसून खाल्लं."

तो खाली पाहत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. तिला आधी भीती वाटली, मग समजलं की हा हसतोय.

"आनि मंग पाहुणे?"

"गेले. मी सांगतलं ना, समुद्रातलं हाय म्हून."

"तुमी कायले सांगतलं?"

प्रेमिला साबणाच्या वड्या एकावर एक रचू लागली. त्या आधीच रचलेल्या होत्या.

"कायले सांगतलं?" त्यानं पुन्हा विचारलं. आता तो हसत नव्हता.

"वडी पाह्यजे का तुमाले एखादी?"

"नाई."

"मंग वाट सोडा. गिऱ्हाईक येते."

गिऱ्हाईक कुणी नव्हतं. पण आत्या आली. तिची रात्रभर झोप उडाली होती. ती सरळ खुशालपुढे जाऊन बसली. "बाबू, तू शिकलेला हाय. खरं सांग. मी त्या माळकऱ्यांच्या पोटात काय घातलं? पाप तर नाई लागलं मले?"

"आत्या, शिंगाडा पाण्यात होते ना?"

"होते."

"एकादशीले खाता ना?"

"खातो ना."

"मंग शिंगाडा का मासोळी हाय? तसंच हे. पाणी खारं, एवढाच फरक."

आत्यानं त्यावर विचार केला आणि तिचा चेहरा उजळला. "मंग त्या निर्मलाबाईले कोनी सांगाले पाह्यजे," ती म्हणाली. जरा थांबून, "पण नको. गेली ते बरं झालं. पोरगा लई खात होता."

*

गुरुजींची काचेची पेटी तर रिकामी ठेवता येत नव्हती. समुद्र नाही तर नाही, आपलं तळं दाखवू, असं प्रेमिलाच म्हणाली. फुलचूरच्या शेतामागे तलाव होता, आत्याच्या रोजच्या पायाखालचा. दुसऱ्या दिवशी तिघं तिथं गेले. आत्या पाळीवर, तलावाच्या बांधावर, शिंगाडे सोलत बसली. खुशाल पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला, आणि प्रेमिला काठावर बादली घेऊन उभी राहिली.

पाण्यावर उन्हाची तिरीप होती. लांब तिकडं धानाच्या कापलेल्या शेतांत बगळे चरत होते. खुशाल तळाशी हात घालून चिल्याचे वेल उपटायचा. पाण्याखालचं ते बारीक पानांचं गवत, ढिवर लोक ज्याच्या जवळ जाळं टाकतात ते. तो चिखल झटकून ते तिच्या हातात द्यायचा. ओल्या वेलासोबत बोटांना बोटं लागायची. पहिल्यांदा चुकून. मग चुकून नाही.

"हे बी खाता येते का?" तिनं विचारलं.

"नाई. आत्याले सांगून ठेवजो."

"ऐकून राह्यले मी," पाळीवरून आवाज आला.

तो एक वेल हातात धरून उभाच राहिला. देईना.

"द्या ना."

"प्रेमिला," तो म्हणाला. आजवर त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. "बुधवारी माझी रजा संपते. तिकडं... घर लहान हाय. वारा लई हाय. भाषा समजत नाई पहिले पहिले. भात भेटते, पण आपल्यासारखा नाई. मी सारं आधीच सांगून देतो. कारण मंग तू म्हणशील की सांगतलं नाई."

"मी काऊन म्हणीन?"

"तू आलीस तर म्हणशील."

बगळे उडाले. प्रेमिलाला आपल्या हातातली बादली फार जड झाल्यासारखी वाटली. तिनं ती खाली ठेवली.

"वारा किती हाय?" तिनं विचारलं.

"लुगडं वाळाले घातलं तर दुसऱ्याच्या आंगणात जाऊन पडते."

"मंग लाकडाचे चिमटे लागतील," ती म्हणाली. आणि मान खाली घालून, अगदी हळू, "आमच्या दुकानात हाय."

खुशालनं तो वेल तिच्या हातात दिला, आणि या वेळी हात मागे घेतला नाही. पाळीवर शिंगाडे सोलण्याचा आवाज थांबला होता. आत्या अचानक दुसऱ्या बाजूला तोंड करून बगळे मोजू लागली होती.

*

प्रदर्शनाच्या दिवशी काचेच्या पेटीपुढे मुलांची रांग होती. तळ्याची वाळू, चिल्याचे उभे वेल, त्यांतून लपतछपत फिरणाऱ्या बोटाएवढ्या मासोळ्या. वेलांच्या पानांवर उन्हात बारीक बारीक बुडबुडे बसले होते, नि एकेक सुटून वर जात होता. केवलराम गुरुजी प्रत्येकाला सांगत होते की हा झाडाचा श्वास आहे. समुद्र आला नाही याचं त्यांना वाईट वाटलं होतं, पण भज्यांची गोष्ट ऐकल्यावर ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

दुपारी मुन्नालाल आले. पेटीपुढे उभे राहिले. पुष्कळ वेळ उभे राहिले. खुशाल शेजारी येऊन उभा राहिला तरी ते काचेकडेच पाहत होते.

"आत्यानं सांगतलं मले," ते म्हणाले. "जातीपातीचं, घराण्याचं काई अडत नाई. उदारामजीले मी ओळखतो. पण दोन रोजांची रेल्वे हाय बाबू. ती आजारी पडली, तर मले कव्हा समजन? इथं माझ्या घरात एकच दिवा हाय."

"दूर हाय, काका," खुशाल म्हणाला. "मी जवळ हाय असं नाई म्हनत. धानकापणीले दरसाल आणीन, एवढं सांगतो. आनि तिले यावंसं नाई वाटलं, तर मीच इकडं येईन."

मुन्नालालनी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते कळलं नाही.

संध्याकाळी जेवताना ते पुन्हा म्हणाले, "कुठं ते रामेश्वर, नि कुठं गोंदिया."

आत्याचा भाकरी थापणारा हात थांबला. "काय म्हटलं? रामेश्वर?"

"त्याच्या अलीकडे हाय ते गाव. तुले नाई का मालूम?"

"तुम्ही सारे समुद्र समुद्र म्हनून राह्यले. रामेश्वराचं कोनी सांगतलं मले?" आत्यानं हात धुतले, पदराला पुसले आणि भावापुढे येऊन बसली. "मुन्ना, माझा नवरा मले रामेश्वर दाखवतो म्हणत म्हणत गेला. तू बी म्हणत होता. आता माझी पोर तिथं राहाले जाते म्हणते, नि तू आडवा येतो?"

"अगं, पण आत्ता तू म्हणत होती की दूर..."

"दूर असन, तर मी जाऊन पाहून येतो ना. महिनाभर राहतो तिच्यापाशी. वारा कसा हाय, घर कसं हाय, सारं तुले येऊन सांगतो. मंग तर झालं?"

मुन्नालालनी बहिणीकडे पाहिलं, मग मुलीकडे. प्रेमिला ताटात बोटानं रेघा ओढत होती.

"तुले काय वाटते?" त्यांनी विचारलं. "खरं सांग. घोळ म्हणू नको."

"मले जाचं हाय, बाबा," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "तुमाले सोडून जाचं नाई, पण जाचं हाय."

मुन्नालाल उठले, हात धुऊन आले, आणि तिच्या डोक्यावर ओलाच हात ठेवला. "चिमटे जास्त बांधून दे तिले," ते बहिणीला म्हणाले. मग बाहेर ओट्यावर जाऊन एकटेच बसले, आणि थोड्या वेळानं प्रेमिला त्यांच्याजवळ जाऊन बसली.

*

फाल्गुनात लग्न झालं. चिचगडचे वऱ्हाडी मोटार भरून आले. केवलराम गुरुजींनी मंगलाष्टकं म्हटली आणि दोनदा चुकले.

नवरा-नवरी निघाले तेव्हा त्यांच्यासोबत धुरपता आत्या होती, तिची वळकटी होती, कुरड्यांचा डबा होता आणि तांदळाचं एक गाठोडं, कारण तिकडचा भात आपल्यासारखा नाही हे तिच्या कानावर आलं होतं. गाडीत ती दोघांच्या मध्ये बसली, गोंदियापासून मद्रासपर्यंत. खुशालला बायकोशी बोलायचं झालं तर आत्याच्या डोक्यावरून बोलावं लागायचं, आणि आत्या त्यातही मध्येच उत्तर द्यायची.

"समुद्र आला की मी सांगीन," तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. "तोवर डोळे मिटून राहजो. मी म्हणीन तेव्हाच उघडजो." त्यानं सारं ठरवून ठेवलं होतं. कोणत्या खिडकीशी बसवायचं, कुठल्या वळणावर सांगायचं, काय म्हणायचं.

मद्रासनंतर छोट्या रुळांची गाडी आली. सकाळी ऊन चढलं तसा डब्यात उकाडा वाढला. प्रवासभर दोघींचं सामान राखत जागलेला खुशाल पेटीला टेकून बसला, आणि बसल्या बसल्या झोपला. तोंड थोडं उघडं, हाताची घडी. आत्या आता पलीकडच्या बाकावर पाय पसरून होती. प्रेमिला त्याच्या शेजारी सरकली.

ताडाची झाडं मागे पडत गेली. जमीन पांढरी झाली, वाळूची. वारा खिडकीतून आत शिरला आणि तिचा पदर उडाला. ती तो सावरायला वळली, आणि समोर झाडं नव्हती. डोंगर नव्हता. निळं-हिरवं पाणी होतं, आणि त्यापुढेही पाणीच होतं, आणि त्यापुढे आभाळ.

तिनं पदर तसाच उडू दिला.

आत्यानं हात जोडले. तिचे ओठ हलत होते. मग ती खुशालकडे पाहून कुजबुजली, "उठव ना त्याले. किती दिवसांचा म्हणून राह्यला होता, मी दाखवीन, मी दाखवीन."

प्रेमिलानं त्याच्याकडे पाहिलं. घामेजलेलं कपाळ, दाढीचे खुंट, उडणारे केस. त्याचं डोकं पेटीच्या कडेला दुखेल असं कलंडलं होतं. तिनं ते हळूच आपल्या खांद्यावर घेतलं. आत्यासमोर असं काही तिनं आजवर केलं नव्हतं. आत्यानं लगेच खिडकीबाहेर मान वळवली.

"झोपू द्या," प्रेमिला म्हणाली. "आता कुठं जाते तो समुद्र."

खुशाल झोपेतच काहीतरी पुटपुटला आणि तिच्या खांद्यात नाक खुपसलं. गाडी वाळूतून डुलत चालली होती. ती पाण्याकडे पाहत राहिली, आणि त्याला उठवल्यावर पहिलं काय सांगायचं, ते मनातल्या मनात जुळवू लागली.